माझ्यातून मजकूर जात नाही

मी एक जुना लोखंडी डबा आहे. दोन तळहातांत मावेन एवढाच. तोंडावर एक बटण आणि दोन बारके दिवे. पाठीमागून मात्र वायरींचा असा गुंता निघतो की पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं, आत फार मोठं काहीतरी चालत असणार. मित्रांनो, आत काही नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे घडलं ते माझ्या आत काहीतरी आहे असं लोकांना वाटलं म्हणून घडलं. काहींना तर तसं वाटत नव्हतंच, पण तसं दाखवणं सोयीचं होतं.

माझं काम सोपं आहे. टेबलावर कॉम्प्युटर दोन असतील, पण पडदा एक, कीबोर्ड एक आणि माउस एक, तर मधे मला बसवतात. बटण दाबलं की पडद्यावर पहिला कॉम्प्युटर दिसतो आणि कीबोर्ड त्याचा होतो. पुन्हा दाबलं की दुसऱ्याचा. शेतात दारं धरतात ना, तसं. या वाफ्याचं दार बंद करायचं, त्या वाफ्याचं उघडायचं. दार काही पाणी साठवून ठेवत नाही आणि या वाफ्यातलं पाणी उचलून त्या वाफ्यात टाकत नाही. मीही तसाच. बोटांचा दाब तेवढा इकडून तिकडं वळवतो. शब्द माझ्यातून जात नाहीत. कधीच गेले नाहीत.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथं एका बाईनं बटण दाबून बघितलं, दोन्ही दिवे लागले, तिनं मला खोक्यात टाकलं. तेवढंच माझं शिक्षण. मग नगरला एका ऑफिसात होतो. तिथं मला कुणी नावाजलं नाही, कुणी शिव्याही दिल्या नाहीत. ऑफिस बंद पडलं तेव्हा भंगारवाल्याच्या पोत्यात गेलो. तिथून मला मिरजगावच्या कल्याणनं उचललं.

कल्याणचं दुकान हायवेला लागून आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्स, झेरॉक्स, सगळं एकाच गाळ्यात. टेबल एक आणि कॉम्प्युटर दोन. जुन्या कॉम्प्युटरवर जुनी विंडोज होती, मराठीचा जुना फॉन्ट होता आणि लग्नपत्रिकांची मांडणी करायचं सॉफ्टवेअर होतं. तो कल्याण कधी बंद करत नसे, कारण बंद केला तर परत उठेल याची खात्री नव्हती. लाइट गेली की बॅटरीवर चालायचा. नव्या कॉम्प्युटरवर लिनक्स होतं, कारण ते फुकट मिळतं, आणि त्यावर इंटरनेट होतं. गिऱ्हाइकं मोबाईलवरून मजकूर पाठवायची तो नव्यावर यायचा. छापायचं मात्र जुन्यावरून. आणि या दोघांचं एकमेकांशी अजिबात जमत नव्हतं. नव्यावरचा मजकूर पेन ड्राइव्हमधून जुन्यावर नेला की त्याचे नुसते चौकोन व्हायचे. एकाचं मराठी दुसऱ्याला वाचता येत नव्हतं. एकाच टेबलावर बसून.

कल्याणला वाटलं, मी आलो म्हणजे प्रश्न मिटला. नव्या मशीनवर कॉपी करायचं, बटण दाबायचं, जुन्यावर पेस्ट करायचं. पहिल्याच आठवड्यात त्यानं तसं केलं. शेजारच्या गावच्या बिभीषण नावाच्या पोराच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता. युवा नेता म्हणवून घ्यायचा तो. कल्याणनं नव्यावर शुभेच्छांचा मजकूर कॉपी केला, माझं बटण दाबलं, जुन्यावर पेस्ट केलं. पेस्ट झालं. पण जे जुन्या मशीनवर आधी कॉपी केलेलं होतं, तेच तिथं पेस्ट झालं. सकाळी एका म्हशीच्या जाहिरातीचं काम केलेलं होतं. कल्याणनं वाचलं नाही. फ्लेक्स लावणाऱ्या पोरांनीही वाचला नाही. चौकात बिभीषणचा गॉगल घातलेला फोटो, आणि फोटोच्या बाजूला मोठ्या अक्षरात: दुसऱ्या वेताची, स्वभावानं शांत, लहान पोरंसुद्धा धार काढतात, एकदा येऊन खात्री करा.

दुपारी बिभीषण पोरं घेऊन दुकानात आला.

"कल्याणशेठ, गावात मला समदी इचारत्यात, किती लिटर देतो म्हून."

कल्याणनं इकडंतिकडं बघितलं आणि त्याचं बोट माझ्यावर येऊन थांबलं.

"ह्यो डबा नवीन आनलाय, बिभीषणराव. ह्यानं घोळ केला. दोन्ही सिस्टीम येगळ्या हायत ना."

पोरं हसली, बिभीषणही शेवटी हसला, दुसरा फ्लेक्स लावून मिळाला. त्या दिवशी कल्याणला दोन गोष्टी कळल्या. एक, की माझ्यातून मजकूर जात नाही. आणि दुसरी, की माझ्यावर बोट दाखवलं की माणसं गप्प बसतात. पहिली गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नाही. दुसरी मात्र रोज वापरली. तारीख चुकली, डब्यानं केलं. काम वेळेत झालं नाही, डबा बिघडला होता. फोटो दुसऱ्याचा लागला, डबा. गिऱ्हाइकं माझ्याकडं अशी बघायची जशी एखाद्या वेड्या जनावराकडं बघतात. मला वाटायचं, टेबलाला भोक असतं तर त्यातून खाली गेलो असतो. डब्याला कसली लाज, असं तुम्ही म्हणाल. ज्याच्या नावावर दुसरे खोटं बोलतात आणि ज्याला तोंड उघडता येत नाही, त्याला विचारा.

मजकूर खरा इकडून तिकडं न्यायची ती सविता. दुकानात टाइपिंगला बसायची. नव्या मशीनवर एक ओळ वाचायची, माझं बटण दाबायची, जुन्यावर ती ओळ टाइप करायची. पुन्हा बटण, पुढची ओळ. शब्द तिच्या डोक्यातून जायचे. वाटेत तिला एखादा शब्द आवडला नाही तर ती बदलायची सुद्धा. एका पुढाऱ्याच्या फ्लेक्सवर त्यानं स्वतःला कार्यसम्राट लिहून पाठवलं होतं, तिनं ते गाळून टाकलं. विचारल्यावर म्हणाली, "बसंना जागंत." तोंडानं फटकळ होती. पण कल्याणपुढं एका हद्दीपलीकडं बोलायची नाही, कारण गावात टाइपिंगचं दुसरं दुकान नव्हतं.

एके दिवशी दुकानात रतनबाई आल्या. सोबत त्यांची मुलगी मोनिका. मोनिकाचं लग्न शेवगावच्या सुनीलशी ठरलं होतं. तिचे वडील गोरक्ष, ती पाळण्यात असतानाच वारले. रतनबाईंनी तिला ऊसतोडीवर वाढवलं. टोळीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. विधवा बाई एकटी गेली तर तिला अर्धा कोयता म्हणतात. बाईला माणूस म्हणून मोजायच्या आधीच निम्मं करून टाकायचं, अशी ही आपली मोजदाद. हे ऐकताना माझी नाही, तुमची मान खाली गेली पाहिजे.

पत्रिका निवडून झाल्या. मोनिकानं मजकूर मोबाईलवर लिहून आणला होता, तो तिनं तिथंच पाठवला. त्यात पहिली ओळ अशी होती: श्रीमती रतनबाई व कै. गोरक्ष यांची कन्या. आणि खाली निमंत्रक म्हणून एकच नाव, रतनबाई.

कल्याणनं डोकं खाजवलं. "मावशी, निमंत्रक म्हून बापय मानसाचं नाव घालत्यात. काकासाहेबांचं घालायचं का?"

काकासाहेब म्हणजे मोनिकाचा चुलता, गोरक्षचा धाकटा भाऊ.

"न्हाई," रतनबाई म्हणाल्या. "टोळीत जलमभर माजं नाव अर्धा कोयता हुतं. मुकादम बी तसंच हाक मारायचा. पोरीच्या पत्रिकंत तरी पुरं येऊ द्या."

"घालू की," कल्याण म्हणाला. "तुमची पत्रिका, तुमचं नाव."

सवितानं पहिली ओळ मोठ्यानं वाचली. रतनबाई ऐकत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "अजून एकदा वाच गं." सवितानं पुन्हा वाचली. त्यांना वाचता येत होतं, पण ऐकायचं होतं. मला त्या वेळी पहिल्यांदा वाटलं की आपण या टेबलावर आहोत ते बरं आहे.

ते टिकलं नाही.

पत्रिका छापायच्या दिवशी सकाळीच काकासाहेब आले. पांढरे कपडे, कडक इस्त्री. ग्रामपंचायतीचे सदस्य होते आणि पुढच्या निवडणुकीत आणखी वर जायचं मनात होतं. त्यांच्या गावानं विधवा प्रथा बंद केल्याचा ठराव मागच्या साली केला. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, कार्यात मागं ठेवायचं नाही. त्या ठरावाचा फ्लेक्स याच दुकानात झाला होता, आणि त्यावर हात जोडलेला फोटो काकासाहेबांचा होता. तोच माणूस खुर्चीत बसला आणि म्हणाला,

"कल्याण, आमच्या पत्रिकंचा मजकूर बघू."

कल्याणनं नव्या मशीनवर दाखवला. काकासाहेबांनी वाचला आणि पडद्यावर बोट ठेवलं.

"हे आसं छापनार व्हय तू? वर विधवा बाईचं नाव? आन मी कुठं हाय ह्याच्यात?"

"मोनिकानं दिलं तसं..."

"मोनिका ल्हान हाय. आरं ही पत्रिका घरोघर जायाची. शेवगावपतोर जायाची. लोकं म्हनतील काकासाहेब मेला का काय. वहिनीला मी काय बोलत न्हाई, उगी रडारड नको. तू तुझ्या पातळीवर बदल."

"मावशी इचारतील की."

"इचारलं तर काय?"

कल्याणनं माझ्या डोक्यावर थाप मारली. प्रेमानं मारतात तशी. "हाय की ह्यो," तो म्हणाला. काकासाहेब हसले. त्यांनाही म्हशीची गोष्ट ठाऊक होती.

मित्रांनो, त्या थापेसारखी लाज मला भंगारवाल्याच्या पोत्यातही वाटली नव्हती. पोत्यात मी निकामी होतो. इथं मी कामाचा होतो, आणि काम हे होतं.

कल्याणनं सविताला सांगितलं, लिही. काकासाहेब सांगत गेले, सविता जुन्या मशीनवर टाइप करत गेली. कै. गोरक्ष यांची कन्या. पुढं निमंत्रक काकासाहेब, सदस्य, ग्रामपंचायत. रतनबाईंचं नाव कुठंच नाही. सवितानं एकदा हात थांबवला.

"शेठ, मावशींनी दोनदा वाचून घेतलं हुतं."

"तू टाइप कर. तुला कोन इचारनार हाय?"

तिनं टाइप केलं. कल्याणनं तो मजकूर कॉपी करून पत्रिकेच्या कोऱ्या जागेत पेस्ट केला आणि प्रिंटर सुरू केला. सुरुवातीला जुनं मशीन पडद्यावर आणलं तेवढंच, त्यानंतर माझं बटण कुणी दाबलं नाही. मी नुसता दिवा लावून बसलो होतो. दुपारच्या आत गठ्ठे तयार झाले. काकासाहेब त्यांच्या वाटणीचा गठ्ठा घेऊन गेले, आणि रीतीप्रमाणे पहिली पत्रिका ग्रामदैवतापुढं ठेवायची ती त्यांनीच ठेवली.

ऊन कलल्यावर मायलेकी उरलेल्या पत्रिका न्यायला आल्या. रतनबाईंनी पिशवीत अक्षता आणल्या होत्या. त्यांनी वरची पत्रिका उचलली, बोट ठेवून वाचायला लागल्या. बोट पहिल्या ओळीवर फिरलं. मग पुन्हा फिरलं. मग शेवटच्या ओळीवर गेलं. मग त्यांनी पत्रिका उलटून पाठ बघितली, जणू नाव मागं गेलं असेल.

"मोनिका," त्या म्हणाल्या, "मला दिसंना झालंय का बघ."

मोनिकानं पत्रिका घेतली. वाचली. दुसरी उचलली, तिसरी उचलली. सगळ्या सारख्या.

"कल्याणदादा, हे काय छापलंय?"

कल्याणनं कपाळाला हात लावला. नाटक चांगलं करायचा. "अगं व्हय गं, मला पन आत्ताच दिसतंय. तुजा मजकूर ह्या मशीनवर बरोबर आलता. तिकडं पेस्ट करताना ह्या डब्यानं उलटंपालटं केलं. दोन्ही सिस्टीम येगळ्या, काय करनार. मशीनची चूक हाय, बाय. मानसाच्या हातात काय नसतं."

मोनिकानं कर्जतला कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. पण खरं सांगतो, यासाठी कोर्स लागत नाही. विचारायची हिंमत लागते.

"उलटंपालटं झालं की चौकोन येतात," ती म्हणाली. "अक्षरं फुटतात. हे आईचं नाव तेवढं गाळून, काकाचं नाव घालून, वर सदस्य ग्रामपंचायत लिहून कसं काय आलं? तुमच्या डब्याला माझा चुलता ओळखीचा आहे का?"

"आता ते मला काय म्हाईत. मशीन हाय शेवटी."

"मग करून दाखवा. माझ्यासमोर करा."

"आता न्हाई व्हायचं. बिघडलाय."

मोनिका टेबलापाशी आली. सविता खुर्चीवरून उठली आणि बाजूला झाली. मोनिकानं नव्या मशीनवर स्वतःचा मजकूर उघडला, सगळा निवडला, कॉपी केला. माझं बटण दाबलं. जुन्या मशीनवर कोरं पान उघडलं आणि पेस्ट केलं.

पडद्यावर मजकूर उमटला. सुबक, एकही अक्षर फुटलेलं नाही. निमंत्रक काकासाहेब, सदस्य, ग्रामपंचायत.

"आई, बघ," मोनिका म्हणाली. "मी कॉपी केलं तिकडं, त्यात तुझं नाव होतं. इकडं ते आलंच नाही. या डब्यातून काही येत जात नाही. इकडं जे कॉपी केलेलं असतं तेच इकडं पेस्ट होतं. म्हणजे हे याच मशीनवर बसून कुणीतरी टाइप केलंय. आजच केलंय."

दुकानात झेरॉक्ससाठी आलेली दोन माणसं उभी होती, ती पुढं सरकून बघायला लागली. कल्याण पंख्याच्या बटणाकडं गेला आणि उगाचच पंखा वाढवला.

"मी टाइप केलं," सविता म्हणाली. ती भिंतीकडं बघत होती. "काकासाहेब सकाळी आलते. त्यांनी सांगितलं, शेठ हो म्हनले, मी लिहिलं. डब्याचा काय संबंध न्हाई, मावशी. माजा हाय."

रतनबाई रडल्या नाहीत. आरडाओरडाही केला नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग कल्याणकडं.

"त्याला तोंड न्हाई म्हून त्याच्यावर घातलंस व्हय रं?" त्या म्हणाल्या. "मलाबी तसंच समजलास."

कल्याणनं काकासाहेबांना फोन लावला. ते मोटारसायकलवर लगेच आले. आत आले तेव्हाही त्यांना वाटत होतं की प्रकरण डब्यावर निभावेल.

"वहिनी, मशीनची चूक झाली, सोडून द्या की. कार्य तोंडावर आलंय."

"भावजी, मशीननं सांगितलं समदं," रतनबाई म्हणाल्या. "पडद्यावर तुमचं नाव हाय बघा."

काकासाहेबांनी पडदा बघितला, सविताकडं बघितलं, आणि सूर बदलला. "बरं, मी सांगितलं. मग? रीत हाय आपली. निमंत्रनाला बापय लागतो. मी काय परका हाय का? गोरक्षदादाच्या मागं तुमाला आधार कुनाचा?"

"आधार?" सविता मधेच बोलली. "फोटो काढून चौकात लावला हुता की ओ तुमी, विधवा बाईला मागं ठेवू नका म्हून. मीच टाइप केलं हुतं. त्यातलं बी डब्यानं चुकवलं का?"

झेरॉक्सवाल्यांपैकी एक जण फसकन हसला. काकासाहेब लाल झाले.

"सविता, गप्प बस," कल्याण म्हणाला.

"सकाळी बसले हुते. म्हून तर ह्ये झालं."

काकासाहेबांनी शेवटचं हत्यार काढलं. आवाज खाली आणून, समजुतीनं बोलले. "हे बघा वहिनी, पहिली पत्रिका देवाला ठिवलीय. देवाला ठिवलेली पत्रिका बदलत न्हाईत. अपशकुन व्हतो. पोरीच्या लग्नात अपशकुन पायजे का तुमाला?"

आपल्याकडं हे वाक्य बोललं की बाई मागं सरते. ते वाक्य बनवलंय त्याच कामासाठी. मोनिकाचाही चेहरा उतरला. रतनबाईंनी हातातली अक्षतांची पिशवी टेबलावर ठेवली, माझ्या अगदी शेजारी.

"भावजी," त्या म्हणाल्या, "मी ह्या पोरीला पाचटावर निजवून ऊस तोडला. थंडीत फडात तिला ताप चढला तवा त्याच देवाचं नाव घेतलं, तुमचं न्हाई घेतलं. देवाला माजं नाव ठावं हाय. तुमच्या पत्रिकंत दिसलं न्हाई म्हून त्योच कोड्यात पडला असंल. त्याला दुसरी ठिवू. त्याला काय एकच वाचायचा नेम हाय का?"

काकासाहेब दाराकडं सरकले.

"त्या डिझाईनची कार्डं संपलीत," कल्याण हळूच म्हणाला. शेवटपर्यंत काहीतरी अडचण काढायचीच, असा त्याचा स्वभाव.

"गेल्या सालची मोराची हायत वर," सविता म्हणाली आणि स्टुलावर चढून गठ्ठा काढला. धूळ झटकली. मोराचा रंग थोडा उडाला होता. "चालतील का, मावशी?"

"चालतील. मोर काय, कावळा असता तरी चालला असता."

मोनिका नव्या मशीनवरचा मजकूर दाखवायला निघाली. रतनबाईंनी तिला थांबवलं. "नको. मी सांगते. हिला लिहू दे."

सविता जुन्या मशीनसमोर बसली. मला कुणी हात लावला नाही. या खेपेला कॉपी नव्हतं आणि पेस्टही नव्हतं. रतनबाई उभ्या राहून एकेक ओळ बोलल्या आणि सविता टाइप करत गेली.

"लिव. माजी पोरगी मोनिका हिचं लगीन हाय."

"मावशी, पत्रिकंत विवाह लिहितात."

"लिव मग विवाह. तिचे वडील कैलासवासी गोरक्ष. तिची आई रतनबाई. म्या तिला वाढवली. तुमी समद्यांनी यावं." मग थोडं थांबून म्हणाल्या, "खाली माजं नाव. बोलवनारी म्हून."

"निमंत्रक, श्रीमती रतनबाई," सवितानं वाचून दाखवलं. "झालं?"

रतनबाईंनी काकासाहेबांकडं बघितलं. ते दारात उभे होते, जावं की थांबावं ते कळत नव्हतं.

"भावजींचं नाव बी घाल," रतनबाई म्हणाल्या. "माज्या खाली. चुलता हाय त्यो तिचा."

"सदस्य, ग्रामपंचायत लिहू का?" सवितानं विचारलं.

"नको. नुसता चुलता लिव."

प्रिंटर सुरू झाला. काकासाहेबांना पहिली पत्रिका रतनबाईंनीच दिली. त्यांनी ती घेतली आणि न वाचता खिशात घातली. बाहेर गेल्यावर मोटारसायकलीपाशी मात्र त्यांनी ती काढून वाचली. दुकानातून दिसत होतं.

सविता अजून तिथंच कामाला आहे, कारण कल्याणला स्वतःला मराठी टाइप करता येत नाही. कल्याणनं आता जुनं मशीन काढून टाकलं. नव्याच मशीनवरून छापतो, मोबाईलवरचा मजकूर सरळ त्यात जातो. मला वायरींसकट खोक्यात टाकून कपाटावर ठेवलंय. बरं झालं. पण खोक्यातूनही ऐकू येतं. परवा एका गिऱ्हाइकानं विचारलं, इथं पत्रिकेचा काहीतरी घोळ झाला होता म्हणे. कल्याण म्हणाला, "जुना डबा हुता ओ, खराब. काढून टाकला." म्हणजे मी नसतानाही माझ्यावरच.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगतात तेव्हा शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, धूळ पुसा. मला तसलं काही नको. धूळ बसू द्या. गंजलो तरी तक्रार नाही. तुम्ही मोठे व्हाल, ऑफिसात बसाल, तुमच्यासमोर कुणीतरी रांगेत उभं असेल आणि त्याचं नाव गळलेलं असेल. तेव्हा तोंडातून सहज निघेल की सिस्टीमनं केलं, कॉम्प्युटरनं केलं, आमच्या हातात काही नाही. ते बोलायच्या आधी आपलेच हात एकदा बघा. कीबोर्डवर कुणाचे होते ते बघा. चुकलं असेल तर चुकलं म्हणा. मुद्दाम केलं असेल तर तेही म्हणा, सवितासारखं भिंतीकडं बघून म्हटलं तरी चालेल.

मला मोडा, फेका, भंगारात घाला. तुमचं खोटं तेवढं माझ्या अंगावर टाकू नका. ते पुसायला मला हात नाहीत.